उतरणीवरची सोबत

आम्ही मित्रमंडळी शनिवार-रविवारी ज्या वाटांनी सायकली घेऊन डोंगर उतरतो, त्यांतली एकही वाट सायकलसाठी घडवलेली नाही. कॅनडातल्या व्हिसलरला हिवाळ्यात बर्फावरच्या खेळाडूंना वर नेणारा रोपवे उन्हाळ्यात सायकली वर नेतो, आणि खाली येण्यासाठी तिथे यंत्रांनी कोरलेल्या, वळणावळणाला मातीचे उंच बांध घातलेल्या खास वाटा असतात. आमच्याकडे वर नेते ती भाड्याची पिकअप, आणि तीही डांबर संपेपर्यंतच. पुढची चढण सायकल ढकलत किंवा खांद्यावर घेऊन काढायची, आणि मग जी वाट समोर येते ती कुणाच्या तरी पायांनी, गुरांच्या खुरांनी किंवा जुन्या काळच्या बैलांच्या तांड्यांनी पाडलेली असते. या वाटा आपल्या नाहीत, त्यांवर आपण पाहुणे आहोत, हे मनात पक्के असले की उतरण्याची सगळी रीतच बदलते. आपल्या डोंगरातल्या या खेळाचे जे काही वेगळेपण आहे ते मला याच रीतीत दिसते.

पायांनी पाडलेल्या वाटेचे स्वतःचे शहाणपण असते. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन उतरणारी बाई सरळ उतार टाळते आणि झाडाच्या बुंध्याला हात टेकून वळता येईल अशा जागी वळते. तिला ते वळण सोपे असते, लांबलचक सायकलला मात्र तिथे फिरायला जागाच नसते. ढोरवाटा डोंगराच्या अंगाला आडव्या जातात आणि चराईच्या माळावर पोहोचल्या की दहा फाट्यांत विरून जातात, त्यामुळे पुढचा सायकलस्वार कोणत्या फाट्याने गेला हे धुळीतला चाकाचा माग पाहून ठरवावे लागते. सायकलला सगळ्यांत मानवतात त्या घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या व्यापारी वाटा. याचे कारण अगदी साधे आहे. पाठीवर धान्याच्या आणि मिठाच्या गोण्या लादलेल्या बैलाला जेवढा उतार झेपतो, तेवढाच चांगली सायकल आणि बरा सायकलस्वार यांना झेपतो. त्या वाटा आखणाऱ्यांनी बैलाचा गुडघा ध्यानात घेतला होता, आणि त्याचा लाभ आज आम्हाला मिळतो.

लोणावळ्याच्या पुढचा कुरवंडे घाट ही अशीच एक वाट. नागफणीचा सुळका उजेडात चमकत असताना कुरवंडे गाव मागे टाकायचे आणि घाटमाथ्याच्या कडेला यायचे, म्हणजे एकदम पायाखाली कोकण उघडे पडते. लोणावळे समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि खालची चावणी, उंबरे ही गावे पार तळाशी आहेत. मधली सगळी उंची ही वाट झाडीतून, ओढ्यांच्या कडेने, ठिकठिकाणी दगडांच्या ढिगाऱ्यांवरून उतरत जाते. याच बाजूने फेब्रुवारी १६६१मध्ये मोगल सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरला आणि उंबरखिंडीच्या दाट रानात शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याची दोन्हीकडून वाट अडवून त्याला शरण आणले. हा इतिहास शाळेत वाचला होता, पण या उतरणीवर सायकल घेऊन गेल्यावर तो मला वेगळ्या अंगाने उमगला. इथे दोन माणसे शेजारी-शेजारी चालू शकत नाहीत असे टप्पे आहेत, मागे वळणे कठीण आहे, आणि पुढे काय आहे ते झाडी दिसू देत नाही. हजारो माणसे आणि जनावरे अशा वाटेवर लांबच्या लांब ओळीत पसरल्यावर त्या ओळीचे शेपूट आणि तोंड यांचा एकमेकांशी संबंध कसा राहील? आम्ही पाच जण असतो, तरी दोन वळणांनंतर पुढचा दिसेनासा होतो आणि हाक मारली तर आवाज दरीत विरतो. महाराजांनी ही जागा का निवडली असेल, हे हातात ब्रेक धरून त्या वाटेवर उभे राहिल्यावर फार स्पष्ट कळते.

सह्याद्रीचा उतार एकसारखा कधीच नसतो, याचे मूळ त्याच्या जन्मात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरत गेले आणि थिजत गेले; त्यांतले काही टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्यांचे माळ झाले, टणक थरांचे कडे उरले. म्हणून इथली कोणतीही सोंड उतरताना आधी सपाट पठार, मग कातळाचा टप्पा, मग पुन्हा गवताळ माळ, मग पुन्हा कातळ, असा क्रम येत राहतो. माळावर वेग आपोआप वाढतो आणि त्या वेगातच कातळाची पायरी समोर येते. नुसत्या कातळाची मला भीती वाटत नाही, कारण कोरडा काळा कातळ टायरला घट्ट धरतो. भीती असते ती कातळावर पसरलेल्या मुरुमाची आणि घसाऱ्याची. त्या सुट्या खड्यांवर चाक टेकलेले दिसते, पण प्रत्यक्षात ते कशालाच टेकलेले नसते. ब्रेक जोरात दाबला तर चाक थांबते आणि सायकल मात्र जात राहते, आणि थांबलेल्या चाकाने वळता येत नाही. अशा जागी मोकळ्या फिरणाऱ्या चाकावर विश्वास टाकणे हाच खरा उपाय आहे, आणि नवख्या माणसाला पटवून द्यायला हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते.

हंगामाचेही असेच आहे. पावसाळ्यात डोंगर कितीही हाक मारत असला तरी आम्ही उतरणीवर जात नाही. शेवाळलेला कातळ धोक्याचा असतो हे एक कारण आहे, पण मुख्य कारण मातीचे आहे. भिजलेल्या मऊ वाटेवरून टायर गेले की लांबट चर पडतो, पाण्याला तयार पाट मिळतो, आणि पुढच्या दोन मोठ्या सरींत त्या पायवाटेची घळ होते. मग तिथून जाणाऱ्या माणसांना वर्षभर त्या घळीच्या कडेने चालावे लागते. ऑक्टोबरात माती सुकते, पण गवत कमरेएवढे असते आणि त्याच्या आत दडलेला दगड दिसत नाही. नोव्हेंबर अर्धा उलटला की गवत पिवळे पडून झुकते, कापणी झालेली असते, मातीत थोडी ओल शिल्लक असते आणि चाकाची पकड उत्तम लागते. डिसेंबरची पहाट थंड असली तरी दुपारपर्यंत तोंड झाकणाऱ्या हेल्मेटमध्ये जीव गुदमरतो. जानेवारीनंतर मुरूम सुटा होत जातो, आणि फेब्रुवारीअखेर वणव्यांनी काळ्या पडलेल्या उतारांवरून राख उडवत जायला मला मनापासून नको वाटते. तेव्हा आमचा खरा हंगाम अडीच-तीन महिन्यांचाच असतो, आणि त्यातही कुणाचे लग्नकार्य, कुणाच्या मुलाची परीक्षा. म्हणूनच या रविवारांची किंमत आम्हाला मोठी वाटते.

साधनांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल बोलणारे खूप आहेत. दोन्ही चाकांना धक्के शोषणारे सस्पेन्शन, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, रुंद ट्यूबलेस टायर आणि चालवता चालवता खाली करता येणारी सीट एवढे असले की सह्याद्रीला पुरते. स्पर्धांमध्ये दिसणाऱ्या, पुढे दोनशे मिलिमीटर दबणाऱ्या अवजड सायकलींचे इथे काम नाही, कारण त्या खांद्यावर घेऊन चढायच्या असतात. अंग मात्र शिकवावे लागते. उतारावर सीटवर बसायचे नसते; सगळे वजन समपातळीत ठेवलेल्या दोन पेडलांवर, गुडघे आणि कोपरे सैल, ब्रेकवर फक्त तर्जनी. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा आणि वळणात सोडायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नजर. ज्या दगडावर नजर खिळते त्या दगडावरच चाक जाते, हे प्रत्येकाला अनुभवानेच कळते. म्हणून दगडाकडे पाहायचे नाही, दगडांच्या मधल्या जागेकडे पाहायचे, आणि तीही पार करायच्या आधीच नजर पुढच्या जागेवर न्यायची.

आता मित्रांकडे येतो, कारण या लेखाचा खरा विषय तेच आहेत. डोंगर उतरताना प्रत्येक जण एकटा असतो. दोघांत बरेच अंतर ठेवावे लागते, म्हणजे पुढचा पडला तर मागच्याला थांबायला वेळ मिळतो. बोलणे शक्य नसते. तरीही हा एकट्याने करण्याचा खेळ आहे असे मला कधी वाटले नाही. अवघड टप्पा आला की आम्ही सगळे थांबतो, सायकली आडव्या ठेवतो आणि चालत खाली जाऊन तो टप्पा पाहून येतो. कोण कुठून उतरणार यावर तिथे खरी चर्चा होते. आमच्यातला दंतवैद्य मित्र दगड हाताने हलवून पाहिल्याखेरीज त्यावरून चाक नेत नाही. मार्केट यार्डात धान्याचा व्यापार असलेला दुसरा मित्र वरून एक नजर टाकतो आणि म्हणतो, ‘‘डावीकडून जाऊ या, उजवीकडं पाण्यानं खाल्लंय.’’ त्याचा अंदाज बहुधा बरोबर निघतो. आमच्यातली सर्वांत सरस सायकलस्वार ही गणित शिकवणारी मैत्रीण आहे. तिचे ब्रेक इतके हलके लागतात की तिच्या मागे धूळ उडत नाही. तिच्यामागून उतरताना मी तिच्या चाकाकडे न पाहता तिच्या खांद्यांकडे पाहतो, कारण ती कोणत्या बाजूला जाणार हे खांदे आधी सांगतात. माणूस उतार कसा उतरतो यावरून त्याच्याविषयी पुष्कळ काही समजते. घाई कोणाला आहे, धोका कोण मोजून घेतो, दुसऱ्याने आधी जावे म्हणून कोण मनापासून बाजूला होतो, हे सगळे अशा टप्प्यांवर उघड होते. वर्षानुवर्षे एकाच इमारतीत राहूनही ज्यांच्याबद्दल हे कळत नाही अशी माणसे आपल्याला काय कमी भेटतात?

‘‘मी चालत उतरतो’’ असे म्हणण्याची मोकळीक ज्या गटात नसते, त्या गटात मी जाणार नाही. आमच्यात कुणीही, केव्हाही, कारण न सांगता सायकलवरून उतरू शकतो, आणि बाकीचे त्यावर एक शब्दही बोलत नाहीत. ही सवय ठरवून लावलेली आहे. खेळातला दिखाऊपणा सर्वांत आधी इथेच शिरतो. कुणीतरी हातात मोबाईल धरून खाली उभा असतो, आणि एरवी चालत गेला असता असा माणूस त्या मोबाईलपायी पायरीवरून चाक सोडतो. म्हणून अवघड टप्प्यांवर चित्रण करायचे नाही असे आम्ही ठरवले, आणि ते सर्वांनी पाळले.

या खेळाचा उगमही असाच मित्रांच्या टोळक्यात झाला, हे मला फार आवडते. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मारिन काउंटी आहे. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरी कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी उतरणीची शर्यत लावली. सायकली १९३०-४०च्या दशकांतल्या, भरभक्कम टायरच्या जुन्या श्विन बनावटीच्या. रस्ता जेमतेम सव्वातीन किलोमीटर, पण त्यात उतार सुमारे चारशे मीटरचा. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या आसात असे आणि पेडल उलटे दाबून लागे. एका उतरणीत तो इतका तापायचा की आतले ग्रीस धूर होऊन उडून जायचे आणि ते पुन्हा भरावे लागायचे. म्हणून त्या उताराला रिपॅक, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, हेच नाव पडले. पहिली शर्यत ॲलन बाँड्सने जिंकली. पुढच्याच वर्षी त्या मंडळींतल्या जो ब्रीझ याने डोंगरासाठी म्हणून खास सांगाडा बनवला, आणि १९७९मध्ये चार्ली केली आणि गॅरी फिशर यांनी अशा सायकली विकायला सुरुवात केली. १९९०मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगो इथे जागतिक सायकल संघटनेची पहिली अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा झाली, तीत उतरणीची शर्यतही होती. चढ-उताराच्या सायकल शर्यतीला १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकपासून स्थान मिळाले, उतरणीला ते अजूनही नाही, आणि मला त्याची खंत वाटत नाही. मोडक्या सायकलींवर मित्रांनी एकमेकांना लावलेली ती शर्यत आणि एखाद्या रविवारी कुरवंड्याच्या माथ्यावर आमच्यात चालणारी ‘‘आधी कोण?’’ ही चर्चा यांच्यात मला जवळचे नाते वाटते.

एका हिवाळ्यात आमचा दंतवैद्य मित्र पडला. वाट अवघड नव्हती; माळ संपून खाली घसारा सुरू होतो अशा जागी पुढचे चाक निसटले आणि तो खांद्यावर आपटला. हासळीचे हाड मोडले होते. उतरणीवर पडणाऱ्यांच्या दुखापतींत हे हाड वारंवार येते, कारण माणूस थेट खांद्यावर आपटतो, किंवा पडताना हात पुढे करतो आणि झटका खांद्यापर्यंत चढतो. तिथे मोबाईलला रेंज नव्हती. आमच्यातला सर्वांत मागून येणारा जो असतो, त्याच्या पाठीवर औषधांची पिशवी असते; त्या दिवशी ती गणिताच्या बाईंकडे होती. तिने आधी त्याला बोटे हलवायला लावली, हाताला मुंग्या येतात का ते विचारले, मान तपासली, आणि मगच आम्हाला हात लावू दिला. तेवढ्यात गुरे घेऊन दोन मुलगे आणि त्यांचे आजोबा वर येत होते. आजोबांनी एक शब्द न विचारता खांद्यावरचा पंचा काढून दिला, त्याची झोळी करून आम्ही हात गळ्यात बांधला. ‘‘चालता येईल का, का डोली करू?’’ एवढेच त्यांनी विचारले. मित्र चालतो म्हणाला. मग त्यातला थोरला मुलगा पुढे वाट दाखवत निघाला आणि धाकट्याने मित्राची सायकल ढकलत, सांभाळून, एकाही दगडावर न आपटता खाली आणली. तासाभराच्या त्या चालण्यात मित्र फारसे बोलला नाही. गावात पोहोचल्यावर आजींनी त्याला आधी गुळाचा खडा आणि पाणी दिले, आणि पिकअप येईपर्यंत घरातली एकुलती एक खुर्ची त्याच्यासाठी ओसरीवर आणून ठेवली.

त्या दिवसानंतर आम्ही काही गोष्टी बदलल्या. निघण्याआधी ज्या गावात उतरणार त्या गावातल्या कुणालातरी किती वाजेपर्यंत पोहोचू हे सांगून ठेवतो. चढणाऱ्या माणसाला आणि जनावराला वाट सोडण्याचा नेम आधीही होता, आता तो अधिक कडक झाला. समोरून कुणी दिसले की सायकलवरून पूर्ण उतरायचे आणि थांबायचे. बुजलेली म्हैस दरीकडे पाय टाकू शकते, आणि एका म्हशीवर तिथल्या घराचे वर्षभराचे दूध चालते. किल्ल्यांवर आम्ही सायकली नेत नाही. तिथल्या पायऱ्या आणि तटबंदी यांवर चाकांचे काही काम नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कासचे पठार २०१२पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथल्या कातळावरची बोटभर माती आणि तीत उगवणारी चिमुकली फुले एका टायरनेही कायमची जाऊ शकतात, तेव्हा तो परिसर आमच्यासाठी वर्ज्य आहे. वनखात्याच्या हद्दीत जायचे असेल तर आधी चौकीवर जाऊन विचारतो. नाही म्हणाले तर दुसरीकडे जातो. हे सगळे करताना खेळातली गंमत कमी झाली असे आमच्यापैकी कुणालाच वाटत नाही. वेग कमी झाला हे खरे, पण ज्या वाटेचा माथा, पाणी, घरे आणि माणसे माहीत आहेत तिच्यावर उतरताना मन जितके स्थिर असते, तितके ते अनोळखी वाटेवर कितीही जोरात गेले तरी होत नाही.

मित्राचे हाड जुळले. पंचा परत द्यायला आम्ही सगळेच गेलो, आणि तेव्हापासून त्या घरी आमचे जाणे-येणे सुरू झाले. भाकरी, पिठले आणि खर्डा यांचे पैसे ठरवून, मागेपुढे न पाहता द्यायचे हे मार्केट यार्डातल्या मित्राने आजींशी बोलून पक्के केले. त्या आधी नको म्हणत होत्या, पण व्यवहार मोकळा असला की येणे-जाणे टिकते हे त्याचे म्हणणे त्यांना पटले. धाकटा मुलगा आता दहावीत आहे. सायकल त्याने पहिल्या दिवशी ज्या हातोटीने खाली आणली ती मैत्रिणीच्या ध्यानात राहिली होती. मागच्या हंगामात तिने त्याला आपली सायकल घराजवळच्या माळावर चालवायला दिली, आणि ब्रेक केव्हा सोडायचा हे त्याला सांगावेच लागले नाही. घसाऱ्यावर अनवाणी उतरत मोठे झालेल्या पायांना निसटत्या दगडाची जाण आधीच होती. वाटेच्या बाबतीत तर तोच आम्हाला शिकवतो. ओढ्यापलीकडच्या सोंडेवरून जुन्या बैलवाटेचा एक तुकडा अजून शाबूत आहे हे त्यानेच दाखवले, आणि तो तुकडा जरा साफ केला तर गावातल्या लोकांनाही पाण्यावर जायला जवळ पडेल हे त्याच्या आजोबांनी सांगितले. परीक्षा संपली की मे महिन्यात कोयता आणि फावडी घेऊन ते काम करायचे ठरले आहे. त्याच्यासाठी सायकल आम्ही जुनीच पाहत आहोत, व्यापारी मित्राच्या ओळखीतल्या एकाची चांगल्या अवस्थेतली सायकल मिळण्यासारखी आहे. हेल्मेट मात्र नवेच घ्यायचे, कारण एकदा आदळलेल्या हेल्मेटच्या आतला फोम वरून न दिसता दबलेला असतो आणि दुसऱ्यांदा तो डोके वाचवत नाही.